नावाचा स्वीकार, मागणीचा नकार

घणसोली गावाच्या राजकारणात एक विधान दीर्घकाळ सिद्धान्तासारखे वापरले जात आहे. चळवळीने प्रश्न मांडता येतो, पण तो सुटतो सत्तेतच. म्हणून चळवळीतला माणूस ज्या दिवशी सत्ताधारी पक्षात जातो, त्या दिवशी तो आपल्या लोकांना सोडून जात नसतो, तर त्यांचे काम हाती घेऊन योग्य त्या दालनात पोहोचत असतो, असा या विधानाचा आशय आहे. ते केवळ पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकू येते असे नाही; ज्यांची शेती गेली, ज्यांच्या घरांना नोटिसा आल्या आणि ज्यांची मुले नोकरीसाठी वणवण फिरली, अशी सामान्य माणसेही ते मनापासून मानतात, आणि म्हणूनच त्याची टवाळी करून भागणार नाही. त्याचा प्रतिवाद पुराव्यानेच व्हायला हवा. एकेकाळी व्यवस्थेला आव्हान देणारी व्यक्ती किंवा संघटना त्याच व्यवस्थेत पदाधिकारी, आमदार, मंत्री किंवा मंडळाचा अध्यक्ष म्हणून सामावून घेतली जाण्याच्या प्रक्रियेला प्रस्तुत लेखात ‘समावेशन’ म्हटले आहे. अशा समावेशनाने लोकांचे प्रश्न सुटतात, हा समज घणसोलीच्याच इतिहासाने खोटा ठरवला आहे, हे येथे दाखवायचे आहे.

यासाठी घणसोलीची निवड सोयीची म्हणून केलेली नाही. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतील २९ मूळ गावांपैकी हे एक गाव. पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि मधल्या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाची भातशेती, खाजणे व मिठागरे, अशी त्याची जुनी रचना होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले आणि शेतकऱ्याच्या ओळखीला ‘प्रकल्पग्रस्त’ हा नवा शब्द चिकटला. पुढे मुंबईतील घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भे येथे हलवले गेले, तेव्हा त्या बाजारांच्या मागोमाग पाठीवर गोणी वाहणारे माथाडी कामगारही नवी मुंबईत आले, आणि घणसोलीत त्यांची सिम्प्लेक्स वसाहत उभी राहिली. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेला हा कामगार आणि गावठाणातला आगरी-कोळी भूमिपुत्र यांचा इतिहास वेगळा आहे. पण महाराष्ट्रातील दोन झुंजार चळवळींचे वारसदार आज एकाच रेल्वे स्थानकावर उतरतात, आणि या दोन्ही चळवळींना समावेशनाचा अनुभव आलेला आहे. एवढ्या थोड्या जागेत दोन पुरावे शेजारी-शेजारी मिळावेत, अशी ठिकाणे फार नाहीत.

पहिला पुरावा जमिनीचा. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लढ्याचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे सर्वांचे ‘दि. बा.’, यांनी केले. ते पनवेलमधून पाच वेळा आमदार झाले, दोन वेळा खासदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सभागृह त्यांना परके नव्हते, तरीही त्यांची ताकद सभागृहात जन्मलेली नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासई आणि नवघर-पागोटे परिसरात, आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या वेळी राज्यात वसंतदादा पाटील यांचे सरकार होते आणि आंदोलकांचा एकही नेता त्या सरकारात नव्हता. प्रकल्पग्रस्ताला संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून मान्य झाले आणि ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने ते नियमात उतरले. मोबदल्याची रक्कम हातावर टेकवून शेतकऱ्याला कायमचे बाजूला करायचे, ही संपादनाची शंभर वर्षांची रीत होती. शेतकरी हा त्या शहराच्या किमतीतला भागीदार आहे, हे तत्त्व या देशात मान्य करून घेणाऱ्या आरंभीच्या लढ्यांत या लढ्याची गणना करावी लागते.

हे तत्त्व प्रत्यक्षात किती उरले, हे जवळून पाहण्यासाठी एका एकराचा हिशेब पुरेसा आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पण सामाजिक सुविधांसाठी म्हणून पावणेचार टक्के आधीच वजा होतात आणि शेतकऱ्याच्या वाट्याला पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे, साधारण साडेतीनशे चौरस मीटर जमीन राहते. चाळीस गुंठ्यांच्या मालकाला हे साडेतीन गुंठे मिळवण्यासाठी संपादनाचा निवाडा, सातबारा, वारस दाखला, पात्रता, इरादापत्र, सोडत आणि करारनामा अशी पायऱ्यांची मालिका चढावी लागते. वडिलांच्या नावाचा सातबारा असतो, वडील हयात नसतात, पाच भावंडांपैकी एक बहीण दुसऱ्या तालुक्यात नांदत असते, तिची सही आणायची असते. दरम्यान खर्च थांबत नाही, म्हणून हातात भूखंड पडण्याआधीच तो बिल्डरच्या नावे लिहून दिला जातो. जे सामुदायिक हक्क म्हणून रस्त्यावर जिंकले गेले, ते कार्यालयात पोहोचेपर्यंत एकेकट्या कुटुंबाची फाइल झाले, आणि फाइल पुढे सरकवण्यासाठी ओळखीचा माणूस लागू लागला. सत्तेतल्या ‘आपल्या माणसा’ची गरज येथून सुरू होते. ही गरज चळवळीने निर्माण केलेली नाही. चळवळ थांबल्यामुळे जी पोकळी झाली, तिच्यातून ती निर्माण झाली.

समावेशनाचे समर्थक यावर असे उत्तर देतात की, शासन निर्णयावर सही अखेर मंत्रालयातच झाली. सही करणारा नसता तर हुतात्म्यांचे बलिदान वाया गेले असते. या उत्तरात दोन गोष्टींची गल्लत आहे. निर्णयावर सही कोण करतो हा एक प्रश्न आहे आणि सही करणे कोणी भाग पाडले हा दुसरा. १९८४ मध्ये सही करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडे तो १९७० पासून होता. त्या चौदा वर्षांत त्यांनी ती सही केली नाही. अधिकार तोच होता, दालन तेच होते, बदलले होते ते बाहेरचे बळ. या गोष्टीकडे दुर्लक्ष करून सही करणाऱ्या हाताला श्रेय देणे म्हणजे धरणाचे पाणी कालव्याने निर्माण केले असे म्हणणे होय.

दुसरा पुरावा माथाडींचा आहे आणि तो अधिक वेदनादायक आहे. १९६० च्या दशकापर्यंत मुंबईच्या रेल्वे मालधक्क्यावर आणि दाणाबंदरात ओझे वाहणाऱ्या कामगाराला कायद्याने मालकच नव्हता. टोळी मुकादमाची, माल व्यापाऱ्याचा, गाडी वाहतूकदाराची. त्यामुळे पाठ मोडली तर औषध कोणी द्यायचे आणि म्हातारपणी पैसा कोणी द्यायचा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले, आणि मोर्चे व संपांच्या बळावर १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन होते. माल ज्याचा असेल त्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्केवारीची जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार द्यायचे. ज्याला एक मालक नाही त्यालाही निवृत्तीचा हक्क असू शकतो, हे या कायद्याने सिद्ध केले. असंघटित कामगारांविषयी आज देशभर जी चर्चा होते, तिच्या कितीतरी आधी मराठी हमालांनी तिचे उत्तर देऊन ठेवले होते.

पुढे अण्णासाहेब काँग्रेसमध्ये होते आणि विधान परिषदेचे सदस्य झाले. सत्तेतला माणूस काम करून आणतो हे विधान खरे असते, तर त्याची सर्वांत भक्कम साक्ष त्यांच्या आयुष्यातून मिळायला हवी होती, कारण एवढे मोठे कामगारबळ पाठीशी असलेला आणि सत्ताधारी पक्षाचा आमदार असलेला दुसरा नेता त्या काळात क्वचितच सापडेल. २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मराठा समाजाच्या आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी आरक्षणाची मागणी घेऊन मुंबईत मोर्चा काढला. मुख्यमंत्री त्यांच्याच पक्षाचे होते. मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, अण्णासाहेबांनी स्वतःचे आयुष्य संपवले. ती मागणी योग्य होती की नव्हती, यावर मतभेद असू शकतात. येथे प्रश्न तो नाही. प्रश्न हा आहे की, पक्षाच्या आत असल्याने त्यांच्या शब्दाला जे वजन मिळेल असे मानले जात होते, ते निर्णायक क्षणी मिळाले नाही. पक्षात सामावलेल्या नेत्याची मागणी पक्ष नाकारतो, तेव्हा त्या नेत्याकडे बाहेरचे मैदान उरलेले नसते आणि आतले दार बंद झालेले असते. त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांच्या नावाने आर्थिक मागास विकास महामंडळ स्थापन झाले. मागणी नाकारली गेली, नाव स्वीकारले गेले.

माथाडींच्या पुढच्या पिढीचे नेतृत्व वेगवेगळ्या पक्षांत विखुरले, आणि त्यांच्यातले काही सत्तेच्या बाजूला तर काही विरोधी बाजूला बसले. असे असूनही २०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारे विधेयक आले, तेव्हा त्याला अडवण्यासाठी संघटनांना पुन्हा बाजार बंद ठेवण्याचीच भाषा करावी लागली. पन्नास वर्षांनी कामी आले ते १९६० च्या दशकातलेच हत्यार, ही गोष्ट समावेशनाच्या समर्थकांनी शांतपणे विचारात घ्यावी.

समर्थकांचा यापेक्षा गंभीर युक्तिवाद प्रतिनिधित्वाचा आहे. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दालनाबाहेर उभे केले गेले, त्या समाजाचा माणूस मंत्र्याच्या खुर्चीवर बसणे हाच एक विजय आहे. त्याला ‘समावेशन’ म्हणून हिणवणे हा ज्यांच्या घरात सत्ता आधीपासून होती त्यांचा उद्दामपणा आहे, असे म्हटले जाते. या म्हणण्यातला सल खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. परंतु प्रतिनिधित्व आणि समावेशन या दोन गोष्टी एक नाहीत. प्रतिनिधी ज्यांच्या वतीने बसतो, त्यांना त्याला परत बोलावण्याची शक्ती असते. सामावून घेतलेल्या माणसाला परत बोलावण्याची शक्ती ज्याने खुर्ची दिली त्याच्याकडे गेलेली असते. महाराष्ट्राच्या राजकारणात हा फरक पुन्हा पुन्हा पुसला गेला आहे.

१९४७ मध्ये काँग्रेसमधील बहुजन शेतकऱ्यांच्या प्रश्नावर असमाधानी होऊन केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्या पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली. पण १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले, आणि मोरे यांनी १९६२ ची लोकसभा निवडणूक पुण्यातून काँग्रेसच्याच तिकिटावर जिंकली. यशवंतराव चव्हाणांच्या धोरणाला ‘बेरजेचे राजकारण’ म्हणतात, म्हणजे विरोधकांना पराभूत करण्यापेक्षा आपल्यात मिळवून घेण्याचे राजकारण. या बेरजेत सत्ताधारी पक्षाची बाजू वाढली, हे खरे आहे; पण तिच्या दुसऱ्या बाजूला वजाबाकी झाली, आणि ती शेतकऱ्याच्या स्वतंत्र आवाजाची झाली. रिपब्लिकन पक्षाच्या वाट्याला हेच आले. त्याचे एक ज्येष्ठ नेते रा. धों. भंडारे काँग्रेसमध्ये जाऊन पुढे बिहारचे राज्यपाल झाले, आणि पक्षाचे गट होत गेले.

या फाटाफुटीला कंटाळलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन केली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही त्यातली नावे. पँथरची ताकद केवढी होती, हे जानेवारी १९७४ च्या मध्य मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीत दिसले. पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली आणि काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत होऊन कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ज्या संघटनेचा एकही आमदार नव्हता, तिने सत्ताधारी पक्षाचा उमेदवार पाडला. त्यानंतर थोड्याच काळात पँथर फुटली. ढसाळांनी आणीबाणीचे समर्थन केले आणि पुढे त्यांनी शिवसेनेशी जवळीक साधली. नव्या भारतीय दलित पँथरमधून पुढे आलेले रामदास आठवले १९९० मध्ये काँग्रेस सरकारात मंत्री झाले, २०११ मध्ये शिवसेना-भाजप युतीबरोबर गेले आणि २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वेळी, १४ जानेवारी १९९४ रोजी, आठवले मंत्रिमंडळात होते हे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. पण विधिमंडळाचा नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा होता. मधली साडेपंधरा वर्षे तो कागद जिवंत ठेवला तो गावोगावच्या सत्याग्रहींनी, लाठ्या खाणाऱ्यांनी आणि घरे जळालेल्यांनी. मंत्रिपद त्या लढ्याचे फळ होते, त्याचे कारण नव्हते.

समावेशनाचे तिसरे समर्थन वयाचे आहे. तारुण्यात माणूस जहाल असतो, अनुभवाने तो मवाळ होतो; त्यामुळे हा बदल नैसर्गिक आणि परिपक्वतेचे लक्षण आहे, असे सांगितले जाते. समाजशास्त्र याहून अधिक काटेकोर उत्तर देते. जर्मन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून ‘अल्पतंत्राचा पोलादी नियम’ मांडला. संघटना मोठी झाली की तिचे पगारी नेतृत्व तिच्यापासून वेगळे होते आणि संघटना टिकवणे हेच त्याचे ध्येय बनते, असे या नियमाचे सार आहे. इटलीतील विचारवंत अंतोनियो ग्राम्शी यांनी ‘ट्रास्फॉर्मिझ्मो’ या संज्ञेने अशी प्रक्रिया वर्णन केली की, सत्ताधारी वर्ग आधी विरोधी गटातील एकेक कर्तबगार माणूस आणि नंतर संपूर्ण गटच आपल्यात ओढून घेतो, आणि जनतेला तिच्या नेतृत्वापासून तोडतो. १८८९ च्या लंडन गोदी संपात कामगारांचा आवाज झालेले जॉन बर्न्स १९०५ मध्ये उदारमतवादी मंत्रिमंडळात गेले, तेव्हा लंडनच्या हमालांनीही हाच अनुभव घेतला. तीन वेगळ्या देशांत, वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या स्वभावाच्या माणसांबाबत तेच घडत असेल, तर त्याचे कारण वय असू शकत नाही. कारण रचनेत आहे: सत्तेला माणूस हवा असतो, संघटना नको असते.

याच कारणामुळे दुसऱ्या टोकाच्या मताचाही प्रतिवाद आवश्यक ठरतो. ‘सगळेच विकाऊ असतात’ असे म्हणणारे स्वतःला समावेशनाचे विरोधक समजतात, पण वस्तुतः ते त्याचे सहायक आहेत, कारण सगळेच विकाऊ असतील तर लोकांनी कोणाकडून काही मागण्यात अर्थच उरत नाही. इतिहास या मताला साक्ष देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४७ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले आणि हिंदू कोड बिलाचा प्रश्न रखडला तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील १९७८ ते १९८० या काळात शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री होते. सरकार गेल्यावर ते परत चळवळीत आले, एन्रॉनविरोधी लढ्यात उभे राहिले, आणि रायगड जिल्ह्यातील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या आंदोलनाचे त्यांनी नेतृत्व केले. त्या आंदोलनामुळे सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांत जनमत घेण्यात आले आणि ते विशेष आर्थिक क्षेत्र अखेर उभे राहिले नाही. सत्तेत जाणे म्हणजे सामावले जाणे नव्हे, हे ही दोन उदाहरणे सिद्ध करतात. दोघांच्याही बाबतीत परतीचा रस्ता मोकळा होता, कारण त्या रस्त्याच्या टोकाला त्यांची माणसे उभी होती आणि त्यांना विचारणारी संघटना शिल्लक होती. दि. बा. पाटील यांनी उत्तरायुष्यात शिवसेनेत प्रवेश केला, ही गोष्टही येथे लपवण्याचे कारण नाही. त्या प्रवेशाने प्रकल्पग्रस्तांच्या पदरात काय पडले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, आणि आज लोक ज्या दि. बां.ना आठवतात ते १९८४ चे दि. बा. आहेत.

घणसोलीत समावेशन कसे चालते, हे गावठाणात पाहता येते. सिडकोने शहराची आखणी केली, सेक्टर पाडले, रस्ते मोजले. पण गावठाणाची हद्द वाढत्या लोकसंख्येप्रमाणे वेळेवर वाढवली नाही. एका घराची तीन घरे झाली, कौलारू घराच्या जागी चार मजले चढले, दोन भिंतींमध्ये हात शिरेल एवढीच फट राहिली, आणि या बांधकामांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव मिळाले. ती नियमित करण्याचे शासन निर्णय २०२२ आणि २०२४ मध्ये निघाले, आश्वासने त्याच्याही आधीपासून दर निवडणुकीत दिली जातात. घर अनधिकृत असल्याने त्याच्या मालकाला सतत कोणाचा तरी आधार लागतो, आणि घर पाडले जाणार नाही एवढीच हमी हा राजकारणाचा चलनी शिक्का बनतो. हक्क मान्य झाला असता, तर हा आधार लागलाच नसता. सप्टेंबर २०१९ मध्ये नवी मुंबईतील नेते गणेश नाईक बहुसंख्य नगरसेवकांसह राष्ट्रवादी काँग्रेसमधून भारतीय जनता पक्षात गेले, तेव्हाही विकासासाठी सत्तेबरोबर राहिले पाहिजे हेच कारण पुढे आले. त्यानंतर मे २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहरावर प्रशासकाचे राज्य राहिले. गावाच्या गटाराचे, पाण्याचे आणि घराचे निर्णय घेणारा एकही निवडून आलेला नगरसेवक त्या काळात नव्हता. सत्तेच्या सर्वांत जवळ असलेल्या नेतृत्वाच्या काळातच लोकांना आपला प्रतिनिधी निवडण्याचा साधा अधिकारही मिळाला नाही, एवढ्या एका वस्तुस्थितीनंतर ‘सत्तेत असलो की कामे होतात’ या विधानाला आधार कोणता राहतो?

या सर्वांचा कळस नवी मुंबई विमानतळाच्या नावात दिसतो. जून २०२१ मध्ये दि. बां.चे नाव विमानतळाला द्यावे म्हणून हजारो भूमिपुत्र मानवी साखळी करून रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी सिडकोच्या बेलापूर कार्यालयावर मोर्चा नेला. २९ जून २०२२ रोजी मावळत्या सरकारने आणि त्यानंतर जुलैमध्ये नव्या सरकारने त्या नावाला मंजुरी दिली. हे नाव लोकांनी मिळवले आहे, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण नाव देण्याबाबत दोन विरोधी सरकारांचे तीन आठवड्यांच्या आत एकमत होते, आणि ज्या घरांसाठी, ज्या भूखंडांसाठी दि. बा. लढले त्यांच्याबाबत ते चाळीस वर्षांत होत नाही. यातून सत्तेचा स्वभाव स्पष्ट होतो. हयात असलेल्या बंडखोराला ती पद देऊ करते, गेलेल्या बंडखोराला नाव देते. दोन्ही वेळा ती एकच गोष्ट टाळते, ती म्हणजे त्याची मागणी.

म्हणून घणसोलीच्या गावठाणातल्या तरुणांनी आणि सिम्प्लेक्समधल्या माथाडींच्या मुलांनी पुढाऱ्याला विचारायचा प्रश्न बदलला पाहिजे. तो कोणत्या पक्षात आहे, मंत्र्याला तो किती जवळचा आहे, हे विचारून काही हाती लागत नाही. तो आत गेल्यावर बाहेर कोण उरले आहे, आणि मागणी फेटाळली गेली तर त्याला परत बोलावणारी संघटना आहे की नाही, हे विचारले पाहिजे. अशी संघटना असेल तर त्याला खुशाल मंत्रालयात पाठवावे. नसेल तर आधी ती उभी करावी, कारण साडेबारा टक्के तिनेच मिळवले, माथाडी कायदा तिनेच मिळवला, आणि राहिलेले साडेतीन गुंठेही तीच टिकवील.